दारू सोडणाऱ्यांची बैठक

श्रोतेहो, एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. वसई-विरारच्या पट्ट्यातले एखादे गाव. संध्याकाळचे सात वाजून गेले आहेत. चर्चच्या आवारातला लहानसा हॉल म्हणा, की शाळेचा रिकामा वर्ग म्हणा, तिथे वीस-पंचवीस माणसे जमली आहेत. कोणी दिवसभर वाडीत राबून आलेला, कोणी विरार लोकलने नुकताच उतरलेला, कोणी पेन्शनर. एका कोपऱ्यात चहाची किटली आहे. आणि अगदी मागच्या बाकावर नर्सिंग शिकणारी वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी बसली आहे. तिच्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्य हा विषय आहे, व्यसनाचा आजार हे त्यातलेच एक प्रकरण. म्हणून तिच्या बाईंनी तिला इथे पाठवले आहे. निघताना बजावले आहे, "वही पिशवीतच ठेव. कोणाचे नाव लिहायचे नाही, बाहेर कोणाला सांगायचे नाही. फक्त ऐक."

एक गृहस्थ उभे राहतात, आपले पहिले नाव सांगतात आणि म्हणतात, "मी दारुडा आहे." सगळे एका आवाजात त्यांना नमस्कार करतात. मुलगी चमकते. आपल्याकडे 'दारुडा' ही शिवी. पाठीमागे द्यायची, नाहीतर भांडणात तोंडावर मारायची. इथे हा माणूस ती आपल्या तोंडाने आणि मान ताठ ठेवून उच्चारतो. वर सांगतो, "आज मी प्यालो नाही. उद्याचं उद्या बघू."

ही बैठक आली कुठून? आपल्या बापजाद्यांच्या काळात पिणारे नव्हते असे नाही. त्यांना सुधारू पाहणारेही होते. मग ही अशी, पिणाऱ्यांनीच भरवलेली बैठक तेव्हा का नव्हती? आजच्या भाषणात मी हीच हकिगत सांगणार आहे. ती वसईच्या ताडामाडांपासून सुरू होते.

वसईची पश्चिम पट्टी बागायतीची. केळी, पानवेली, फुलझाडे आणि त्यांच्यामधून उभे असलेले ताड, माड, शिंदी. १५३४ साली इथे पोर्तुगीज आले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पुढे इंग्रजांचा अंमल आला. राज्ये बदलली, पण झाडावर चढून मडके बांधण्याचा भंडाऱ्यांचा धंदा चालूच राहिला. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. ऊन वाढले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. पूर्वेकडच्या जंगलपट्टीत वारली व इतर आदिवासी मोहाची फुले वेचून दारू गाळीत. लग्नकार्यात आणि देवाच्या कामात तिला मान असे. पिणे होते, पिऊन पडणेही होते. पण जिन्नस गावातला आणि पिणारा गावाच्या डोळ्यांसमोरचा.

इंग्रज सरकारने यात पैसा पाहिला. १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा झाला. झाडावरचा कर वाढला, ताडी काढणे महाग झाले आणि उरणच्या भट्ट्यांतली मोहाची कडक दारू ठेकेदाराच्या दुकानातून खेड्यापाड्यांत पोहोचली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या धोरणाविषयी मोठा असंतोष माजला. १८९२ साली तर या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदाच आला; म्हणजे आपल्या जंगलातले फूल घरात ठेवायची आदिवासीला चोरी झाली. पिणारा माणूस सरकारच्या लेखी गिऱ्हाईक ठरला. तो जितका जास्त प्याला, तितका गल्ला जड.

याविरुद्ध आपली मोठी माणसे उभी राहिली. महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी १८८० साली लेखी तक्रार केली. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले. स्वयंसेवक दारात उभे राहून गिऱ्हाइकाला हात जोडीत. गाडगेबाबांनी तर १९५६ साली देह ठेवीपर्यंत कीर्तनातून हाच ध्यास घेतला. खराट्याने गाव झाडायचा आणि रात्री प्रश्न विचारून विचारून माणसाचे मन झाडायचे.

पण श्रोतेहो, कीर्तन ऐकून डोळे पुसणारा माणूस चार दिवसांनी पुन्हा गुत्त्यात दिसे. असे का होत असेल? आपलेच रिवाज बघा. श्रावण आला की कित्येक जण महिनाभर थेंबाला शिवत नाहीत, पण श्रावणाच्या आदल्या दिवशी गटारी साजरी करतात. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतही ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पुष्कळ जण दारू वर्ज्य करतात आणि मग सणाच्या दिवशी हिशेब पुरा करतात. देवीपुढे घेतलेली शपथ, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, यांचेही तेच. शपथ घेताना माणूस खोटे बोलत नसतो. तो ती खरीच घेतो. पण ती पाळायची वेळ येते तेव्हा एकटा असतो.

याला एक अपवाद आपण सर्वांनी पाहिला आहे. पंढरीची माळ गळ्यात घातली आणि दारू सुटली, अशी माणसे गावोगाव सापडतात. भाविक म्हणतील, हा विठ्ठलाचा प्रताप. ते मी नाकारीत नाही. पण एवढे मात्र बघा, की माळेबरोबर एकादशीचे भजन येते, दिंडी येते, रोज भेटणारे आणि "काल का नाही आलास?" असे विचारणारे चार माळकरी येतात. शपथ एकट्याची असते, माळेला सोबत असते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

स्वराज्याचे वारे वाहू लागले तसा कायद्यावर भरवसा वाढला. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. महायुद्धाच्या धामधुमीत ती टिकली नाही. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. हेतू चांगला होता. कित्येक घरांत त्या काळी पगार प्रथमच सगळाच्या सगळा चुलीपर्यंत पोहोचला, हे विसरता येणार नाही. ताडीऐवजी नीरा आली. थंड, चुन्याचा हात दिलेल्या मडक्यात पहाटे रस उतरवला की तो आंबत नाही. ती नीरा स्टेशनांवरच्या केंद्रांतून लोक आवडीने पीत.

पण तलफ काही कायद्याने जात नाही. खाडीकाठच्या तिवरांत, डोंगराच्या आडोशाला हातभट्ट्या पेटल्या. काळा गूळ, नवसागर आणि आणखी काय काय घालून गाळलेली दारू रबरी ट्यूबांत भरून मुंबईला जाऊ लागली. आतापर्यंत पिणारा गिऱ्हाईक होता, आता तो गुन्हेगार झाला. बायको आधी नवऱ्याच्या दारूला भीत होती, आता दारात येणाऱ्या शिपायालाही भिऊ लागली. १९६० नंतर बंदी सैल होत गेली, १९७३ साली देशी दारूचे नियम झाले, आणि 'परमिट रूम' हे नाव तेवढे त्या जमान्याची खूण म्हणून दुकानांच्या पाटीवर राहिले. विषारी दारूचे बळी मात्र पुढेही पडत राहिले. जून २०१५ मध्ये मालाडजवळच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे अशा दारूने मेली. वसईहून मालवणी काही दूर नाही.

कायदा फुकट गेला असे मी म्हणत नाही. दुकान जवळ नसले तर नवा पिणारा तयार व्हायला अडचण पडते, आणि २००८ च्या आदेशाने गावातल्या वा वॉर्डातल्या स्त्रियांना मतदान करून दुकान बंद पाडता येते, हीही मोठी गोष्ट आहे. पण ज्याच्या अंगात दारू मुरली, त्याचे काय? त्याला ना ठेकेदाराने विचारले, ना शिपायाने.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेतही १९२० पासून दारूबंदी होती, आणि १९३३ साली ती उठली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३५ च्या मे महिन्यात, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी दोन माणसे भेटली. एक बिल विल्सन, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला. दुसरे डॉक्टर बॉब स्मिथ, शस्त्रवैद्य. दोघेही पक्के दारुडे. विल्सनने काही महिन्यांपूर्वी दारू सोडली होती आणि परगावी पुन्हा तलफ आली होती. गुत्त्यात शिरण्याऐवजी तो बोलायला आपल्यासारखाच कोणी पिणारा शोधत निघाला. डॉक्टरसाहेब पाव तास ऐकतो म्हणून बसले आणि तासन्‌तास बसून राहिले. कारण उघड होते. उपदेश करणारे त्यांना पुष्कळ भेटले होते. आपल्यावर काय गुदरले ते सांगणारा हा पहिलाच. डॉक्टर त्यानंतरही एकदा घसरले. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे अनामिक मद्यपींच्या संघटनेचा, स्थापनादिन मानला जातो.

आता यात परिचारिका कुठे आली, ते ऐका. दोघांना तिसरा हवा होता. डॉक्टर बॉबनी गावच्या रुग्णालयात फोन करून नर्सबाईंना विचारले, की तुमच्याकडे दारूचा कोणी रोगी आहे का? बाई म्हणाल्या, आहे ना, एक वकील आहे. नुकतेच त्याने आमच्या दोन नर्सना मारले, आता पलंगाला बांधून ठेवला आहे. डॉक्टर म्हणाले, दारूवर आम्हाला एक उपाय सापडलाय. त्यांची ख्याती बाईंना ठाऊक होती. त्यांनी विचारले, "डॉक्टर, तो तुम्ही स्वतःवर करून पाहिलाय का?" अशी ही हकिगत सांगतात. त्या बाईंचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, पण त्यांनी दार उघडले. दोघे जाऊन त्या बांधलेल्या वकिलाच्या पलंगाशी बसले. त्याआधीच्या सहा महिन्यांत तो आठ वेळा रुग्णालयात येऊन गेला होता. ४ जुलैला तो घरी गेला आणि १९५४ साली मरेपर्यंत पुन्हा प्याला नाही.

त्या काळी रुग्णालये दारूच्या रोग्याला दारातूनच परत पाठवीत. पलंग अडवतो, पैसे बुडवतो, दंगा करतो, अशी त्याची कीर्ती. अ‍ॅक्रनच्याच सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाच्या जोगीण रोग्यांना दाखल करून घेण्याचे काम पाहत. पूर्वी त्या संगीतशिक्षिका होत्या. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांनी असा एक रोगी चक्क 'तीव्र जठरदाह' असे लिहून आत घेतला. त्याच्याशी चार माणसांना निवांत बोलता यावे म्हणून जागा पाहिजे होती, तेव्हा रोग्यांना आलेली फुले जिथे ठेवीत त्या खोलीत त्याचा पलंग हलवला. मला या गोष्टीतले मर्म असे वाटते, की औषध देऊन काम संपले असे सिस्टरनी मानले नाही. बोलायला माणूस आणि बसायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे ही रीत १९५७ च्या मे महिन्यात मुंबईत आली. साल ध्यानात घ्या. दारूबंदीला सात वर्षे झाली होती. कागदावर राज्यात दारूच नव्हती, पण ती सोडता न येणारी माणसे मुंबईत होती आणि ती एकमेकांना शोधत होती! तिथून हे गट गावोगाव पसरले. त्यांना फी नाही, बाहेरची देणगी ते घेत नाहीत. टोपली फिरते, तीत सभासद आपापल्या कुवतीप्रमाणे टाकतात, त्यातून चहा आणि हॉलचे भाडे भागते. १९५१ साली अमेरिकेत पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना निघाली. तिचेही गट इकडे चालतात.

१९८० च्या सुमारास मुंबईत ब्राऊन शुगर, म्हणजे 'गर्द', आला आणि दारूपेक्षाही भराभर तरुण पोरे त्यात सापडू लागली. १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. दारूच्या व्यसनातून ते स्वतः बाहेर पडलेले. बी. के. एस. अय्यंगारांचे ते शिष्य. त्यामुळे बारा पायऱ्यांच्या बैठकीला त्यांनी योगासनांची जोड दिली. कृपाचे केंद्र पुढे वसईतही झाले. २००९ साली फादरना पद्मश्री मिळाली. तिकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उघडले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला मदतीचा हात दिला. तिथे रोग्यांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट निघाला. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. व्यसनातून बाहेर आलेला माणूसच पुढे नव्याने आलेल्याचा हात धरतो.

कायदाही अखेर इथवर आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि मादक पदार्थांमुळे येणारे मानसिक विकार आजारांत मोजले. २०१९ साली दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभरच्या पाहणीचा अहवाल दिला. दारूच्या पूर्ण आधीन झालेल्या अडतीस माणसांमागे एकालाच कसली ना कसली मदत मिळाली होती. सदतीस जण घरात, शेतात, गाडीच्या डब्यात तसेच आहेत.

आता आपल्या त्या मागच्या बाकावरच्या मुलीकडे परत येऊ. वॉर्डात तिने पुष्कळ काही शिकून घेतले आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप जाते. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, भिंतीवर नसलेले किडे दिसतात. खेड्यात याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात, नाहीतर खोलीत कोंडून ठेवतात. त्यात माणूस दगावतोही. म्हणून अशा माणसाला आधी डॉक्टरकडेच न्यायचे. तिथे औषधे, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि नर्सची रात्रभरची नजर हवी. हे काम आठ-दहा दिवसांचे. पण त्यानंतर तो माणूस घरी जातो, त्याच रस्त्याने, त्याच दुकानावरून, त्याच मित्रांत. आणि महिन्याने पुन्हा त्याच पलंगावर येतो. वॉर्डात सगळे वैतागून म्हणतात, "आला परत!"

बैठकीत त्या मुलीला या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. एक म्हातारा सांगतो, की मी सात वेळा दाखल झालो होतो, सातव्यांदा आलो तेव्हा सिस्टरने नुसते विचारले, "काका, जेवलात का?" त्यानंतर मी पहिल्यांदा खरे बोललो. एक पोरगा सांगतो, की काल घसरलो. कोणी त्याला हसत नाही, रागावतही नाही. शेजारचा फक्त आपली खुर्ची जवळ घेतो. नाडी मोजणे, सुई देणे, तक्ता भरणे तिला येते. जवळ बसून गप्प ऐकणे हीही शिकावी लागणारी विद्या आहे, हे तिला आज कळते. आणि "आला परत" या शब्दांत तिरस्कारही असू शकतो आणि आशाही, हेही तिला कळते. मेला असता तर परत आलाच नसता, नाही का?

आणखी एक गोष्ट तिला कळते, ती मात्र ती कोणाला सांगत नाही. नर्सिंगच्या कोणत्याही वर्गात एखादी तरी मुलगी अशी असते, की जिला हा आजार पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. बापाची पावले वाजली की भावंडांना आत नेऊन दार लावायचे, हे ती सातव्या वर्षीच शिकलेली असते. अशा मुलीला मागच्या बाकावर बसून, आपल्या बापाच्या वयाचा माणूस "माझ्या पोरांनी माझ्यामुळे फार सोसलं" म्हणताना ऐकू येते, तेव्हा तिच्या मनात काय होत असेल? तिच्या अभ्यासाच्या वहीत त्याला रकाना नाही.

इथे मला शिक्षक मंडळींशी दोन शब्द बोलायचे आहेत. आपल्या वर्गात असे एखादे मूल असेल. गृहपाठ नसतो, डोळे तारवटलेले असतात, आई-बापांना बोलावून आणा म्हटले की रडू येते. त्याला सर्वांसमोर घरचे विचारू नका. शाळा सुटल्यावर दहा मिनिटे थांबवून घ्या, आणि त्याला एवढेच कळू द्या, की हा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि घरच्यांसाठीही बसायला जागा आहे. पुष्कळदा पहिल्यांदा बैठकीला येते ती पिणाऱ्याची बायको. नवरा आला नाही तरी तिने यावे. तिच्या मनावरचे ओझे उतरले, की पुढची वाट दिसू लागते.

श्रोतेहो, शे-दीडशे वर्षांत पिणाऱ्या माणसावर आपण कर बसवला, त्याला शपथ घातली, त्याला तुरुंग दाखवला. त्यातल्या काही गोष्टी गरजेच्या होत्या आणि आहेतही. पण त्याच्याजवळ जाऊन बसायला आपल्याला फार वेळ लागला. आणि बसले कोण, तर ज्यांना आपण वाया गेलेले समजत होतो तेच. माळकऱ्याला दिंडीने जे दिले, तेच या माणसांना एका हॉलने, एका किटलीने आणि चार खुर्च्यांनी दिले.

बैठक संपते. खुर्च्या भिंतीला लागतात, कपबश्या विसळल्या जातात. ती मुलगी निघते तेव्हा तो म्हातारा दारातून म्हणतो, "सिस्टर, पुढच्या गुरुवारी या." ती अजून सिस्टर झालेली नाही. पण येते म्हणते.